आकड्यांच्या पायऱ्या आणि एक ट्रान्झिस्टर

पावसाळ्याच्या दिवसांत मुलुंडला आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक ओलसर वास भरून राहतो. अशाच एका दुपारी अकरावीतला एक विद्यार्थी वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक जडसे खोके घेऊन दारात उभा राहिला. "सर, हे भंगारवाल्याकडून आणलंय. डाव्या बाजूने आवाजच येत नाही. बाबा म्हणाले, टाकून दे."

आत निघाला १९८०च्या दशकातला एक सीडी प्लेअर. तुमच्यापैकी अनेकांनी तो कदाचित पाहिलाही नसेल, कारण आता गाणी मोबाइलमध्ये असतात. मुलाचे वडील मात्र अशा यंत्रांना परके नव्हते. अंधेरीच्या 'सीप्झ'मध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी १९७३ साली सुरू झालेल्या औद्योगिक वसाहतीत, ते तरुणपणी डाखकाम करीत. पुढे त्यांनी भांडुपला रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे छोटे दुकान काढले. ते बंद होऊनही बरीच वर्षे झाली होती. मुलगा म्हणाला, "बाबा म्हणतात, आता सगळं आय.सी.त बंद झालंय. आत काय चालतं ते कुणालाच कळत नाही, मग दुरुस्त काय करणार?"

यंत्रापेक्षा हे वाक्यच मला जास्त खटकले. आत काय चालते ते खरेच कळू शकत नाही का? आम्ही दोघांनी शोध घ्यायचे ठरवले. त्या शोधात जे हाती लागले, ते आज तुम्हांला सांगणार आहे. त्यातला मुख्य प्रयोग तुम्ही घरी किंवा शाळेत, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, अगदी थोड्या खर्चात करू शकाल.

आवाजाचे आकडे

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्याचे विद्युतदाबाच्या चढउतारात रूपांतर करतो. जुन्या काळी हा चढउतार जसाच्या तसा तबकडीच्या खाचेत किंवा टेपवरच्या चुंबकत्वात उतरवीत. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने, म्हणजे सीडीने, निराळाच मार्ग धरला. दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्या दाबाची उंची मोजायची आणि फक्त आकडे लिहून ठेवायचे!

हे आकडे द्विमान पद्धतीत असतात. म्हणजे ० आणि १ ही दोनच चिन्हे. सीडीवरचा प्रत्येक आकडा १६ स्थानांचा असतो. दोन हा अंक सोळा वेळा स्वतःशी गुणला की ६५,५३६ येतात. तेव्हा आवाजाची उंची दाखवायला ६५,५३६ पायऱ्या उपलब्ध असतात असे समजा. तुमच्या मोबाइलमधली गाणीही अखेर अशाच आकड्यांच्या रूपात येतात.

परंतु आकडे कानाला ऐकू येत नाहीत. ते पुन्हा विद्युतदाबात बदलावे लागतात. हे काम करणाऱ्या मंडलाला 'डिजिटल टू ॲनलॉग कन्व्हर्टर' किंवा थोडक्यात 'डॅक' म्हणतात. आपण त्याला 'आकडेफोड्या' म्हणू या. आमच्या सीडी प्लेअरमध्ये हा आकडेफोड्या एका काळ्या आय.सी.त होता. त्यावर अक्षरे होती, टीडीए १५४१.

प्रवाहांची बेरीज

आकडेफोड्या काम कसे करतो? चार स्थानांचा द्विमान आकडा घ्या, उदाहरणार्थ ११०१. पहिल्या स्थानाची किंमत ८, दुसऱ्याची ४, तिसऱ्याची २ आणि शेवटच्याची १. तेव्हा ११०१ म्हणजे ८ + ४ + ० + १ = १३.

आता चार बटणे घ्या. पहिले दाबले की ८ मापे प्रवाह वाहतो, दुसरे दाबले की ४ मापे, मग २, मग १. हे सगळे प्रवाह एका बिंदूवर एकत्र आले की त्यांची बेरीज आपोआप होते. किर्चहॉफचा नियम ती करतो, त्याला गणित शिकवावे लागत नाही. १, २, ४, ८ या प्रमाणात प्रवाह मिळवायलाही फारसे कष्ट नाहीत. दाब एकच ठेवून रोध निमपट केला की ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह दुप्पट होतो.

आमच्या आय.सी.त अशा सोळा प्रवाहांची बेरीज होते आणि एकूण प्रवाह शून्य ते ४ मिलिअँपिअर यांच्या दरम्यान नाचतो. म्हणजे आय.सी.तून आवाज बाहेर पडतो तो दाबाच्या रूपात नाही, तर प्रवाहाच्या रूपात. ॲम्प्लिफायरला मात्र दाब हवा असतो, साधारण २ व्होल्ट. प्रवाहाचा दाब करणारा हा जो टप्पा, तोच आमच्या यंत्रात डाव्या बाजूला मेलेला होता.

सोपा उपाय आणि त्यातली खोच

"सर, प्रवाहाचा दाब करायला एक रोधक पुरे. व्ही बरोबर आय गुणिले आर!" विद्यार्थ्याने लगेच सांगितले. उत्तर पुस्तकातले होते आणि बरोबरही होते. तरीही ते पुरेसे नव्हते. का, ते प्रयोग करूनच पाहू.

साहित्य: १० किलोओहमचे नऊ रोधक, १.५ किलोओहमचा एक रोधक, चार लहान स्विच, दीड व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, जोडणीची पाटी (ब्रेडबोर्ड), तारा आणि एक मल्टिमीटर. रोधक एक टक्का अचूकतेचे मागा. हे सर्व मोठ्या इलेक्ट्रॉनिक दुकानात मिळते. आम्ही नेहमीप्रमाणे मुलुंडहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण रोधक-धारित्रे शोधणाऱ्यांच्या तोंडी जुने नावच बसले आहे.

नऊ रोधकांपासून चार रोध बनवायचे. दोन समांतर जोडले की ५ किलोओहम. एक तसाच ठेवला की १० किलोओहम. दोन एकसर जोडले की २०, आणि चार एकसर जोडले की ४०. झाले नऊ!

या चारही रोधांची एक-एक टोके एका बिंदूवर जोडा. या बिंदूला आपण 'चौक' म्हणू. प्रत्येक रोधाचे दुसरे टोक आपापल्या स्विचमधून बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. बॅटरीच्या धन टोकापासून (३ व्होल्ट) चौकापर्यंत १.५ किलोओहमचा रोधक लावा. ५ किलोओहमचा स्विच म्हणजे '८', मग '४', '२' आणि '१'. आता १.५ किलोओहमच्या दोन टोकांमधला दाब मोजायचा.

एकटा '१' चालू केला, तर दाब सुमारे ०.१०८ व्होल्ट येतो. एकटा '४' चालू केल्यास ०.३९ व्होल्ट. एकटा '८' चालू केल्यास ०.६९ व्होल्ट. आता '८' आणि '४' दोन्ही चालू करा. बेरीज १.०८ यायला हवी. येते फक्त ०.९३! चारही चालू करा. १५ पायऱ्या झाल्या, तेव्हा ०.१०८ च्या पंधरापट, म्हणजे १.६ व्होल्टांहून थोडे जास्त मिळायला हवेत. मिळतात १.०८. पहिली पायरी १०८ मिलिव्होल्टची आणि शेवटची, म्हणजे १४ वरून १५ ची, अवघी ४७ मिलिव्होल्टची. तळाच्या पायऱ्या उंच आणि वरच्या बुटक्या! असल्या जिन्यावरून गाणे चढू लागले तर ते ठेचकाळणारच. त्याच्या लहरीचा आकार बिघडतो आणि मूळ गाण्यात नसलेले सूर त्यात मिसळतात.

चाळीतला नळ

असे का झाले? घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या चाळीत राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. पाणी येण्याच्या वेळी एकच नळ उघडा असेल तर धार जोरात येते. पण चार बिऱ्हाडांचे नळ एकदम उघडले की सगळ्यांचीच धार बारीक होते. कारण मुख्य नळ अरुंद असतो. जास्त पाणी वाहू लागले की त्यातच दाब खर्च होतो आणि नळांपाशी दाब कमी उरतो.

आपल्या प्रयोगात १.५ किलोओहमचा रोधक हा तो अरुंद नळ होय. प्रवाह वाढला की त्याच्यावर दाब पडतो. तोच तर आपण मोजतो. पण तेवढाच दाब चौकातून कमी होतो, आणि चौकातला दाब कमी झाला की चारही रोधांतले प्रवाह कमी होतात. म्हणजे मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची वस्तू बदलते.

आय.सी.तल्या आकडेफोड्याचेही असेच असते. आमच्या टीडीए १५४१ च्या निर्मात्यांनी बजावून ठेवले आहे की, प्रवाह बाहेर पडतो त्या पायावरचा दाब शून्यापासून २५ मिलिव्होल्टपेक्षा अधिक हलू देऊ नका. प्रवाह ४ मिलिअँपिअर आणि दाब २५ मिलिव्होल्ट, म्हणजे रोधक फार तर ६ ओहमचा! त्यावर मिळणारा दाब अगदीच किरकोळ. आपल्याला तर दोन व्होल्ट हवेत.

मग हवे काय? ज्याच्या एका टोकाला चौक जोडला तर त्याचा दाब ढळत नाही, आणि दुसऱ्या टोकाला तोच प्रवाह पाहिजे तेवढ्या मोठ्या रोधकातून वाहतो, असे काहीतरी. एका बाजूने पाहता लहान रोध, दुसऱ्या बाजूने पाहता मोठा. असे काही असते का?

असते. त्याचे नाव ट्रान्झिस्टर.

नावातच उत्तर

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ सालच्या डिसेंबरात जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचे दोन स्पर्शबिंदू टेकवून पहिला ट्रान्झिस्टर चालवला. ज्या तुकड्यावर ते टेकले होते तो 'बेस', म्हणजे पाया. एका बिंदूतून प्रवाह आत सोडला, तो 'एमिटर' (उत्सर्जक). दुसऱ्यातून तो गोळा केला, तो 'कलेक्टर' (संग्राहक). बेस दोन्ही बाजूंना सामाईक होता. आज आपण शाळेत आधी शिकतो ती एमिटर सामाईक असलेली जोडणी. परंतु ट्रान्झिस्टर जन्मला तो बेस सामाईक ठेवूनच. बार्डीन, ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी विल्यम शॉक्ली यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

'ट्रान्झिस्टर' हे नाव सुचवले जॉन पिअर्स यांनी. 'ट्रान्स्फर' म्हणजे पलीकडे नेणे आणि 'रेझिस्टर' म्हणजे रोधक. लहान रोधाच्या बाजूकडून मोठ्या रोधाच्या बाजूकडे प्रवाह नेणारा तो ट्रान्झिस्टर. आपल्याला नेमके हेच हवे होते, नाही का?

ट्रान्झिस्टरच्या दोन सवयी लक्षात ठेवा. पहिली सवय अशी की, बेस आणि एमिटर यांच्यातला दाब सुमारे ०.६५ व्होल्टपाशी खिळलेला असतो. प्रवाह दुप्पट करायचा झाला तरी या दाबात फक्त १८ मिलिव्होल्टची वाढ पुरते. म्हणून बेसचा दाब स्थिर धरून ठेवला की एमिटरचाही दाब जवळजवळ स्थिर राहतो, मग प्रवाह कितीही बदलो. दुसरी सवय अशी की, एमिटरमधून जो प्रवाह जातो तो जवळजवळ सगळा कलेक्टरमधून आलेला असतो. बेसच्या वाट्याला साधारण दोनशेतला एखादा भाग येतो. आणि कलेक्टरवर दाब किती आहे याची या प्रवाहाला फारशी फिकीर नसते.

आता जोडू या

नवे साहित्य: बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, एक लाल एल.ई.डी., १एन ४१४८ हा डायोड, २.२ किलोओहम आणि १ किलोओहमचे एकेक रोधक आणि नऊ व्होल्टची बॅटरी. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो.

(१) बॅटरीच्या धन टोकापासून २.२ किलोओहमचा रोधक बेसपर्यंत जोडा. बेसपासून डायोड आणि त्याच्यापुढे एल.ई.डी. एकसर जोडून ऋण टोकाला न्या. दोन्हींची दिशा प्रवाह खाली वाहील अशी ठेवा. एल.ई.डी. मंद पेटली पाहिजे.

(२) चौक एमिटरला जोडा. एमिटरपासून ऋण टोकापर्यंत १ किलोओहमचा रोधक कायमचा लावा. चारही स्विच पूर्वीप्रमाणे ऋण टोकाला जोडलेले राहतील.

(३) पूर्वीचा १.५ किलोओहमचा रोधक चौकातून काढून कलेक्टर आणि नऊ व्होल्टचे धन टोक यांच्यामध्ये लावा.

एल.ई.डी. आणि डायोड का? लाल एल.ई.डी.वर सुमारे १.८ व्होल्ट दाब राहतो, आणि तो प्रवाह थोडा कमीजास्त झाला तरी फारसा हलत नाही. ती इथे दिव्यापेक्षा पाण्याच्या टाकीचे काम जास्त करते. डायोडवरचे ०.६५ व्होल्ट ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमधल्या ०.६५ व्होल्टची भरपाई करतात. म्हणून एमिटरवर, म्हणजे चौकात, एल.ई.डी.एवढाच दाब मिळतो, सुमारे १.८ व्होल्ट. खोली तापली की डायोड आणि ट्रान्झिस्टर दोघांचेही दाब सारखेच कमी होतात आणि चौकाला त्याची फारशी झळ लागत नाही.

१ किलोओहमचा रोधक कशाला? सगळे स्विच बंद असतानाही ट्रान्झिस्टर जागा राहावा म्हणून. त्यातून सतत १.८ मिलिअँपिअर वाहतात. हा 'विश्रांतीचा प्रवाह'. एमिटरकडून दिसणारा रोध काढायचा असेल तर २५ मिलिव्होल्टला या प्रवाहाने भागा. २५ भागिले १.८ म्हणजे सुमारे १४ ओहम. कुठे १,५०० ओहमचा अरुंद नळ आणि कुठे १४ ओहम!

पायऱ्या मोजू या

मीटर कलेक्टरच्या १.५ किलोओहम रोधकाच्या दोन टोकांना लावा. सगळे स्विच बंद असताना सुमारे २.७ व्होल्ट दिसतील. हा विश्रांतीचा आकडा लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक मापनातून वजा करा. तुमची एल.ई.डी. थोडी निराळी असेल तर आकडेही थोडे निराळे येतील; परस्परांतील प्रमाण महत्त्वाचे.

एकटा '८' चालू केल्यास सुमारे ०.५३ व्होल्टची वाढ होते. एकटा '४' चालू केल्यास सुमारे ०.२७ व्होल्ट. दोन्ही मिळून ०.८०. बेरीज जुळली! चारही चालू केल्यावर वाढ जवळजवळ १ व्होल्ट होते. पंधरा पायऱ्या, प्रत्येक सुमारे ६६ मिलिव्होल्टची. पहिलीही तेवढी आणि पंधरावीही तेवढीच. साधा मीटर या मापावर १० मिलिव्होल्टपर्यंतच दाखवतो, म्हणून एखादी पायरी ६० आणि एखादी ७० अशी दिसेल. त्याने गडबडून जाऊ नका. ० ते १५ सर्व आकड्यांसाठी मोजमाप घ्या आणि आलेखकागदावर मांडा. ट्रान्झिस्टरशिवायचा आलेख वाकतो आणि ट्रान्झिस्टरचा सरळ जातो. दोन्ही एकाच कागदावर काढा आणि तो कागद वर्गात लावा.

आता मीटर चौक आणि ऋण टोक यांच्यामध्ये लावा आणि सर्व स्विच उघडझाप करून पाहा. कलेक्टरवर एक व्होल्टची उलथापालथ होत असताना चौकात अवघे ८ मिलिव्होल्ट हलतात. पहिल्या प्रयोगात तेथे एक व्होल्टहून अधिक खड्डा पडत होता. चाळीच्या गच्चीवर टाकी बसवली, आता कोणी कितीही नळ उघडा!

एक प्रश्न तुमच्यासाठी. ५ किलोओहमच्या जागी एखादा रोधक पाच टक्के चुकीचा निघाला तर? '८'च्या प्रवाहात पाच टक्के चूक म्हणजे ०.४ पायरी. ७ वरून ८ वर जाताना पायरी जवळजवळ निम्मी किंवा दीडपट होईल. चार स्थानांसाठी एक टक्क्याचे रोधक पुरतात. परंतु सोळा स्थानांच्या आकडेफोड्यात सर्वांत मोठा प्रवाह ०.००१५ टक्क्यापर्यंत अचूक हवा. इतके अचूक रोधक कारखान्यात सहज बनत नाहीत. फिलिप्स कंपनीतील अभियंते रूडी व्हॅन द प्लाशे यांनी १९७६ साली यावर एक युक्ती मांडली. साधारण सारखे प्रवाह तयार करायचे आणि त्यांच्या जागा भराभर आलटून-पालटून बदलत राहायच्या. कोणी थोडा जास्त, कोणी थोडा कमी. पण सगळ्यांनी पाळीपाळीने सगळी कामे केली की सरासरीत चुका एकमेकींना मारतात. आमच्या यंत्रातल्या आय.सी.त हीच युक्ती वापरलेली होती.

पुन्हा त्या यंत्राकडे

इथे एक कडक सूचना. घरातल्या विजेवर चालणारे कोणतेही यंत्र तुम्ही उघडू नका. स्विच बंद केला, वायर काढली, तरी आतल्या मोठ्या धारित्रांत विद्युतभार टिकून असतो. ते काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. आमच्याकडे तशी सोय होती, आणि पुढे तर त्या मुलाचे वडीलच संध्याकाळी येऊन बसू लागले. सुरुवातीला ते नुसते पाहत. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाखणी मुलाच्या हातातून काढून घेतली.

यंत्रात आकडेफोड्याच्या पुढे प्रत्येक बाजूला एक 'ऑप-अँप' आय.सी. होती. तिच्याही आत अनेक ट्रान्झिस्टर असतात आणि तीही चौकाचा दाब स्थिर धरून हेच काम करते. डावीकडची आय.सी. जळाली होती. तिच्या जागी आम्ही तुम्हांला सांगितलेलेच मंडल बसवले. फरक तेवढा तीन ठिकाणी केला. आकडेफोड्याचा पाय शून्य व्होल्टवर राहायला हवा, म्हणून एल.ई.डी. काढून बेसखाली फक्त डायोड ठेवला आणि एमिटरचा विश्रांतीचा प्रवाह ऋण दाबाकडे नेला. तो प्रवाह ५ मिलिअँपिअर केला. आकडेफोड्या त्यात शून्य ते ४ ची भर घालतो, तेव्हा प्रवाह ५ ते ९ च्या दरम्यान राहतो आणि एमिटर सुमारे १५ मिलिव्होल्ट हलतो. मर्यादा २५ ची, म्हणजे आपण आत आहोत. कलेक्टरला १ किलोओहमचा रोधक लावला. ४ मिलिअँपिअर गुणिले १ किलोओहम म्हणजे खालपासून वरपर्यंत ४ व्होल्टचा झोका.

त्या रोधकाला समांतर ३.३ नॅनोफॅरडचे एक धारित्र लावले. आकड्यांपासून बनलेल्या लहरीला पायऱ्यांच्या कडा असतात. ऐकू येणाऱ्या सुरांच्या बऱ्याच वरच्या, सुमारे ४८ हजार हर्ट्झच्या पलीकडच्या कंपनांना हे धारित्र हळूहळू गाळत जाते आणि कडा थोड्या बोथट करते. शेवटी दुसरा एक ट्रान्झिस्टर लावला. त्याचा बेस पहिल्याच्या कलेक्टरला जोडला आणि आवाज त्याच्या एमिटरमधून घेतला. हा दाब वाढवत नाही. फक्त पुढच्या तारेचा आणि ॲम्प्लिफायरचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतो, म्हणजे पहिल्याच्या कामात ढवळाढवळ होत नाही. त्याच्या पुढच्या धारित्राने स्थिर दाब अडवला आणि फक्त चढउतार बाहेर सोडला.

एका संध्याकाळी डाव्या बाजूने आवाज आला. आधी जोराची गुणगुण आली, कारण भूमीची एक तार जोडायची राहून गेली होती. ती जोडल्यावर स्वच्छ गाणे ऐकू आले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाच्या वहीतला आकृतीचा कागद जवळ ओढला आणि बराच वेळ पाहत राहिले.

कोणता आवाज चांगला?

आता यंत्रात मोठी गंमत झाली होती. उजवीकडे कारखान्याची आय.सी. आणि डावीकडे आमचे दोन ट्रान्झिस्टर. वर्गातल्या काहीजणांनी लगेच निकाल दिला, "डावीकडचा आवाज जास्त गोड आहे!" सुटे ट्रान्झिस्टर वापरणारे अनेक हौशी लोक जगभर असेच सांगतात. खरे असेल का?

आम्ही मोनो ध्वनिमुद्रण असलेली जुन्या गाण्यांची सीडी घेतली. तिच्यात डावी-उजवीकडे एकच आवाज असतो. दोन्ही बाजू आळीपाळीने एकाच स्पीकरला जोडल्या. आधी मीटरने दोन्हींची पातळी सारखी केली. हे फार आवश्यक, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी 'चांगला' वाटतो. मग पडद्याआडून मी नाणे उडवून बाजू निवडायची आणि मुलांनी ओळखायची. निकाल? नुसत्या अंदाजाने जेवढी उत्तरे बरोबर येतील, त्याहून वेगळे काही निघाले नाही. 'गोड' म्हणणारे थोडे हिरमुसले. पण मोजमापाने पाहता चांगला ऑप-अँप आपल्या एकट्या ट्रान्झिस्टरपेक्षा लहरीचा आकार अधिक बिनचूक राखतो, हेही त्यांना सांगणे माझे कर्तव्य होते. आमचे मंडल श्रेष्ठ नव्हते. ते आम्हांला आरपार दिसत होते, एवढाच त्याचा मोठेपणा.

आणि तो काही थोडाथोडका नाही. त्या मुलाच्या वडिलांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आय.सी. फोडून दुरुस्त करता येत नाही. पण ती जे काम करते ते काम समजून घेता येते. चार स्विच, एक एल.ई.डी. आणि एक ट्रान्झिस्टर टेबलावर मांडून ते डोळ्यांपुढे घडवता येते, आणि मग मोडलेल्या तुकड्याच्या जागी आपल्या हातचा तुकडाही बसवता येतो.

हल्ली तो सीडी प्लेअर त्यांच्या घरी आहे. वडिलांनी परवा निरोप पाठवला, "सर, उजवीकडची आय.सी. पण काढू का?" मी कळवले, ती चांगली चालते आहे, राहू द्या. त्यांचे उत्तर आले, "चालते हो. पण ती काय करते ते आता ठाऊक आहे ना!"

करून पाहा

१. एमिटरचा १ किलोओहमचा रोधक काढून टाका आणि पुन्हा ० ते १५ मोजा. सर्वांत जास्त फरक कोणत्या आकड्यांपाशी पडतो? का?

२. कलेक्टरला १.५ ऐवजी ३.३ किलोओहम लावला तर पायरी किती उंच होईल? आधी गणित करा, मग मोजा. रोधक वाढवत नेला तर एका मर्यादेपलीकडे पायऱ्या अचानक बुटक्या होतील. त्या वेळी कलेक्टर आणि बेस यांचे दाब मोजा आणि कारण शोधा.

३. एल.ई.डी.वर हात धरून सावली करा, मग तिच्यावर उजेड टाका. चौकाचा दाब हलतो का? ट्रान्झिस्टर दोन बोटांत धरून ऊब द्या आणि पाहा.

तुमचा आलेख तुमच्या विज्ञान-शिक्षकांना दाखवा. सरळ आला तर उत्तमच. वाकडा आला, तर तो का वाकला हे शोधण्यात जास्त शिकायला मिळेल.